ताईच्या लॉन्ड्रीचं छप्पर

बाबागाडी ढकलत चाललेली बाई रस्त्यात दिसली की लोक आधी वाकून आत बघतात. बाळ कुणावर गेलंय, झोपलंय की टकमक बघतंय, एवढं कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मिमीच्या गाडीत वाकणाऱ्यांच्या पदरी मात्र निराशाच पडायची. तळाशी एक चपटी पिवळी पेटी, दांड्यावर छोटा पडदा आणि पडद्यावर राखाडी रेघांची गिचमीड. ती पेटी जमिनीत लहरी सोडायची आणि खालून उलटून येणाऱ्या लहरी टिपायची. कुणी विचारलंच, "बाळ कुठंय?" तर मिमी चेहरा अजिबात न हलवता सांगायची, "खाली आहे. झोपलंय. जरा हळू बोला."

ते बाळ म्हणजे जमिनीतली पोकळी. त्या गावाच्या पोटात जिप्समचा थर होता. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालतात ना, त्याच जातीचा मऊ, पांढरा दगड. पाण्यात तो साखरेसारखा विरघळतो, फक्त हा चहा ढवळायला वर्षानुवर्षं लागतात. दगड आतून झिजत जातो, वरची माती टोपीसारखी तशीच राहते आणि एके दिवशी टोपीच आत पडते. वरून भारदस्त आणि आतून पोकळ अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. इथं जमीनच तशी होती. एकदा तर तिनं बसथांबा गिळला. लोक बस चुकली म्हणून हळहळतात, त्या दिवशी बस वेळेवर आली आणि थांबाच निघून गेला होता. सुदैवानं बाकावर कुणी नव्हतं. त्यानंतर जमिनीवर नजर ठेवणारं एक कार्यालय गावात आलं आणि बाहेर शिकायला गेलेली मिमी त्या कार्यालयातल्या नोकरीसाठी परत आली.

मिमी हे तिचं खरं नाव नव्हे. ते ताईनं ठेवलेलं. नवीन नोकरीच्या सुरुवातीला ही ताईकडे जेवायला बसली आणि टेबलाकडे तिरक्या नजरेनं बघत म्हणाली, "ताई, याचा एक पाय दोन मिलिमीटर आखूड आहे." ताईनं वाढायचा डाव तसाच हातात धरला. "आमच्यासारख्यांचं जग फुटाइंचात चालतं," ती म्हणाली, "आणि आमच्या बाईसाहेबांचं मिलिमीटरात. जेव, मिमी." मिलिमीटरचं मि.मी. झालं, मि.मी.चं मिमी झालं आणि महिन्याभरात कार्यालयातले साहेबसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायला लागले.

ताई तिच्याहून पुष्कळ मोठी. आई गेली तेव्हा मिमी शाळेतही जात नव्हती. वडिलांची लॉन्ड्री होती, कोपऱ्यावरची, पत्र्याच्या मोठ्या छपराची. वडील थकले तशी ताईनं एका हातात लॉन्ड्री घेतली आणि दुसऱ्या हातात ही धाकटी. मिमी वाढली ती चादरींच्या टोपलीत. यंत्रातून नुकत्या निघालेल्या गरम चादरी, त्यांचा साबणाचा वास, वाफेनं धुरकट झालेल्या काचा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालणारी यंत्रांची घरघर. इतर मुलांना अंगाई लागायची. हिला यंत्रं थांबली की जाग यायची. इस्त्रीच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. त्याच्या या टोकाला ताई उभी राहून इस्त्री करायची आणि त्या टोकाला मिमी पाढे म्हणायची. चुकली की ताई वर न बघता म्हणायची, "परत." आणि इस्त्रीचा फुस्स आवाज व्हायचा.

तर आता कामाकडे येऊ, कारण सगळं घडलं ते कामातून.

गाडी ढकलत अख्खं गाव पालथं घालणं कुणाच्याच बापाला जमणारं नाही. म्हणून मोठी नजर होती ती उपग्रहाची. तो ठरलेल्या दिवशी गावावरून जायचा, रडारच्या लहरी खाली सोडायचा आणि छपरांवरून, पुलांवरून परत आलेल्या लहरी घेऊन जायचा. आजच्या लहरी आणि मागच्या लहरी शेजारी शेजारी मांडल्या की कुठलं छप्पर किती खचलं ते कळायचं, तेही मिलिमीटरात. पण त्यात एक मेख होती. ही मोजणी नुसती होत नाही, ती कशाच्या तरी मानानं होते. गावातली एक जागा हलत नाही असं आधी धरायचं आणि बाकीच्या सगळ्या जागा तिच्याशी ताडून बघायच्या. त्या जागेला कार्यालयात स्थिर बिंदू म्हणत. नाटक मंडळीत एक जुना नट असतो, ज्याचं पाठांतर कधी चुकत नाही. बाकीचे अडखळले की त्याच्याकडे बघतात. तसा हा बिंदू.

बिंदू निवडायची वेळ आली तेव्हा पडद्यावर एक ठिपका सगळ्यात लखलखीत दिसत होता. पत्र्याचं मोठं छप्पर, लहरी परतवायला एकदम झकास. ताईची लॉन्ड्री.

"स्थिर कशावरून?" साहेबांनी विचारलं होतं.

"लहानपणापासून बघतेय, साहेब. आमची ताई हलत नाही, तिचं छप्पर काय हलणार?"

सगळे हसले. हसण्यावारी गेलं असं नाही, पहिली दोन वर्षं रीतसर जमिनीवरून मोजून पडताळणीही झाली आणि छप्पर खरोखरच जागच्या जागी होतं. मग ती पडताळणी मागं पडली. रोज भेटणाऱ्या माणसाला कोण विचारतं, तुम्ही तेच ना म्हणून?

मधल्या काळात ताईचा धंदा वाढला. हॉस्पिटलच्या चादरी आल्या, दोन हॉटेलांचे टॉवेल आले, यंत्रं दुप्पट झाली. मिमीला अभिमान वाटायचा. आणि गंमत बघा, त्याच काळात उपग्रहाच्या नकाशात एक गोड बातमी दिसायला लागली. गाव वर येत होतं. फार नाही, वर्षाला काही मिलिमीटर, पण अख्खं गाव, सगळीकडून सारखंच. कार्यालयात खल झाला. जुनी गिरणी बंद पडल्यापासून तिथल्या विहिरींचा उपसा थांबलेला, पाण्याची पातळी चढलेली, ओली माती फुगत असणार. तर्क नीटनेटका होता. मिमीनंच तो सभागृहात लोकांपुढे मांडला. लोक खूश झाले. नाक्यावरचा शिंपी गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "पँट आखूड मी नाही शिवली, तुम्ही वर आलात."

ताई पहिल्या रांगेत बसली होती. परत जाताना म्हणाली, "छान बोललीस. फक्त हात फार हलवतेस."

मग एका सकाळी कार्यालयातल्या नकाशेवाल्यानं, म्हणजे उपग्रहाची चित्रं जुळवणाऱ्या सहकाऱ्यानं, नकाशा जरा मोठा कापला. गावाबाहेरची काळ्या दगडाची टेकडी त्यात पहिल्यांदाच आली. तो चहाचा कप घेऊन मिमीच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "टेकडीपण वर येतेय बघ."

"किती?"

"गावाइतकीच. अगदी तितकीच."

मिमीनं कप त्याच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिली. माती पाणी पिऊन फुगते हे खरं. पण तो अखंड काळा पाषाण, त्याला पाणी पाजायचं कुणी? फिरत्या रंगमंचावर उभ्या राहिलेल्या नटाला क्षणभर वाटतं, प्रेक्षागृहच सरकतंय, खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा डावीकडे चालल्यात. खुर्च्या कुठं जात नसतात. फिरत असतो तो आपल्या पायाखालचा मंच.

तिनं लॉन्ड्रीच्या छपराऐवजी टेकडीला स्थिर धरलं आणि हिशेब पुन्हा चालवला. यंत्रानं वेळ घेतला. मग नकाशा उमटला. अख्खं गाव शांत, हिरवंगार. जे वर चाललं होतं ते सगळं गपकन जागेवर बसलं होतं आणि मधोमध एकच लाल ठिपका होता.

नकाशेवाल्यानं आपला गार झालेला चहा उचलला आणि तो निघून गेला. शहाणा माणूस.

मिमी साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, गाव वर येत नाहीये."

"मग?"

"आपला बिंदू खाली जातोय. माझं चुकलं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "स्थिर कशावरून म्हणून मीच विचारलं होतं. आणि तुझं उत्तर ऐकून हसणाराही मीच. चुकीची वाटणी नंतर करू. आत किती माणसं काम करतात?"

"ताई धरून पाच."

"मग इथं काय करतेयस?"

ताई इस्त्रीच्या टेबलाशीच उभी होती. तिच्यासमोर मावशी उशांचे अभ्रे लावत होती. ही मावशी वडिलांच्या वेळेपासूनची, लॉन्ड्रीत ताईइतकीच जुनी. मिमीनं जे होतं ते सांगितलं, आडपडदा न ठेवता. ताईनं इस्त्री आडवी न ठेवता उभी केली. ती ऐकत असल्याची तेवढी एकच खूण.

"म्हणजे," ती म्हणाली, "परवापर्यंत अख्खं गाव वर चाललं होतं."

"हो."

"आणि आज गाव आहे तिथंच आहे आणि मी एकटी खाली चाललेय."

"तू नाही गं. छप्पर. म्हणजे जमीन."

"मावशी, ऐकलंत? हिनं सभागृहात माईक धरून सांगितलं होतं. शिंप्यानं तेवढ्यावर वर्ष काढलं."

मावशी म्हणाली, "मला मेलीला पहिल्यापासूनच वाटत होतं, गाव कशाला वर येतंय? या गावातलं काही कधी वर आलंय?"

"ताई, थोडे दिवस यंत्रं बंद ठेव. आम्हाला खाली काय आहे ते तपासू दे."

"हॉस्पिटलमधल्या पेशंटना सांगू, चादर मळवू नका म्हणून?" ताईनं इस्त्री पुन्हा उचलली. "तपास. तुझी ती बाबागाडी आण, फिरव हवी तेवढी. यंत्रं बंद होणार नाहीत. बाबा गेले त्या दिवशीही झाली नव्हती."

ते खरं होतं.

बाबागाडी आली, अंगणातून फिरली, खोल्यांतून फिरली आणि तिला काहीच दिसलं नाही. पडद्यावर नुसतं धुकं. ओली चिकणमाती लहरी गिळून टाकते हे मिमीला ठाऊक होतं, पण इतकी ओल? आणि साबणाचं पाणी मुरलं की माती लहरींना आणखीच आंधळी करते. ताई दारातून बघत होती. "बाळ नाही वाटतं?" तिनं विचारलं. मिमी म्हणाली, "दिसत नाही आणि नाही, यात फरक असतो." पण म्हणतानाच तिला कळलं होतं की हे उत्तर ताईला यंत्रं बंद करायला पुरणारं नाही.

आता एकच उपाय उरला. गुरुत्व मोजणारं यंत्र. जमिनीत दगड असला तर तो आपल्याला जरासा जास्त ओढतो, पोकळी असली तर जरासा कमी. तो जरासा म्हणजे इतका जरासा की ताईच्या भाषेत त्याला काहीच नाही म्हणतात. ते यंत्र जन्मजात हळवं. शेजारून ट्रक गेला तरी त्याचा काटा बावरतो. घरघरणाऱ्या लॉन्ड्रीत त्याचं माप घेणं म्हणजे बँडबाजाच्या मधोमध उभं राहून नाडी बघण्यासारखं.

मिमी पुन्हा ताईसमोर जाऊन उभी राहिली. या खेपेला तिनं समजावलं नाही. "एक सकाळ दे," ती म्हणाली. "फक्त एक. माझ्या मापात काही नाही निघालं तर परत हे नाव काढणार नाही."

ताईनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. लहानपणी ताप आला की बघायची तसं. "तुझं यंत्र माझ्या यंत्रांना घाबरतं म्हण की."

"हो. फार घाबरतं."

"उद्या सकाळी," ताई म्हणाली. "पहिला घाणा काढून झाला की."

दुसऱ्या दिवशी पहिला घाणा निघाला, यंत्रांनी आपलं पाणी सोडलं आणि ताईनं एकेक बटण स्वतःच्या हातानं बंद केलं. शेवटची घरघर थांबली. शांतता अशी पसरली की पाचही बायका नकळत एकमेकींच्या जवळ सरकल्या. प्रयोग संपल्यावर रिकाम्या नाट्यगृहात दिवे मालवत जावेत तसं वाटलं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं हे त्यांच्यातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

मिमी इस्त्रीच्या खोलीत यंत्र तीन पायांवर टेकवून वाकली होती. ताई दारात होती. आणि ताईच पहिल्यांदा म्हणाली, "हे काय वाजतंय?"

"कुठं?"

"शू. ऐक."

मिमीनं श्वास धरला. पाण्याचा आवाज होता. बारीक, एकसारखा, वाटीत धार धरल्यासारखा. नळ बंद, यंत्रं बंद. आवाज भिंतीतून येत नव्हता. तो फरशीखालून येत होता, फार खालून, आणि पडताना घुमत होता.

मावशी बाहेर गेली, अंगणातल्या चेंबरचं झाकण सरकवलं आणि तिथूनच सांगितलं, "इथं थेंब नाही आला. आत्ताच चार यंत्रांचं पाणी सोडलं ना आपण? मग ते गेलं कुठं?"

उत्तर खाली पडताना ऐकू येत होतं. सांडपाण्याचा नळ फरशीखाली केव्हातरी फुटला होता. यंत्रं वाढली तसं पाणी वाढलं आणि गावाबाहेर जाण्याऐवजी ते थेट त्या साखरेच्या दगडात मुरत राहिलं. वरच्या घरघरीत त्याचा आवाज कधी कुणाच्या कानी गेलाच नाही. मिमीनं माप पुरं केलं. टेबलाच्या खाली काटा जितका उतरायला नको तितका उतरला होता. तो आकडा तिनं ताईला सांगितला नाही. गरज नव्हती.

ताई अंगणातल्या पालथ्या टोपलीवर बसली. ती बसलेली मिमीनं क्वचितच पाहिली होती.

"म्हणजे माझ्याच पाण्यानं," ताई म्हणाली.

खोटं बोलणं सोपं होतं. जमिनीतच दोष आहे, कुणाचाही नळ फुटतो, असं म्हणता आलं असतं आणि त्यात खरंही थोडं होतंच. मिमी तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "हो ताई. पाणी तुझं. पण त्यावर नजर ठेवायचं काम माझं होतं. आणि ज्या एका जागेकडे मी बघितलं नाही ती ही. कारण ती तुझी."

ताई उठली, भिंतीपाशी गेली आणि मुख्य नळाची चाकासारखी चावी दोन्ही हातांनी आवळून बंद केली. फरशीखालचा आवाज काही वेळ चालला, मग थेंबाथेंबावर आला, मग थांबला.

"आता काय करायचं ते सांग," ती म्हणाली.

मिमीनं सांगितलं. यंत्रं पुढच्या बाजूला आहेत, तिथली जमीन अजून धड आहे, ती यंत्रं दोन दिवसांत हलवू. इस्त्रीच्या खोलीत मात्र आजपासून कुणी पाऊल टाकायचं नाही.

"टेबल?"

"नाही, ताई."

"बाबांनी स्वतः रंधा मारलेलं आहे ते. चौघी मिळून उचलू. दोन मिनिटांचं काम."

"त्याच्या खालीच आहे सगळं. चौघी आणि वर टेबल, नको."

मावशीनं तोंड उघडलं होतं, पण ताईनं हात वर केला. आयुष्यभर तिनं मिमीला सांगितलं होतं, हे कर, ते नको, परत म्हण. तिनं एकदा टेबलाकडे नजर टाकली, टोकापासून टोकापर्यंत. मग आत न जाता, उंबऱ्यावरूनच वाकून दाराची कडी ओढून घेतली. "चला गं," ती बायकांना म्हणाली, "ओल्या चादरी उचला. वाळत घालायला जागा बघायचीय."

साहेबांनी अंगणातून तिरकं भोक पाडायला माणसं पाठवली. गिरमिटाची दांडी कुरकुरत मातीतून गेली, दगडात शिरली आणि मग एकदम सैल होऊन पुरुषभर खाली घसरली. गिरमिटवाल्यानं यंत्र बंद करून कपाळ पुसलं. "वर कोण उभं राहतं?" त्यानं विचारलं. "आता कुणी नाही," मिमी म्हणाली.

बुजवायचं काम ठरलं, सिमेंटच्या पाण्याची तयारी सुरू झाली. पण जमीन कुणाच्या निविदेसाठी थांबत नाही. ताईची यंत्रं तोवर बस डेपोमागच्या एका शेडमध्ये पुन्हा घरघरायला लागली होती. शेड काळ्या दगडावर होती. ते मिमीनं तीन वेगवेगळ्या रीतींनी तपासलं होतं आणि ताईनं तिन्ही वेळा विचारलं होतं, "स्थिर कशावरून?"

एका दुपारी मिमी शेडच्या दारात आली. ती चालतच आली होती, तरी तिला धाप लागली होती. ताई मोठी चादर एकटीच घडी करायची धडपड करत होती, मावशी जेवायला गेली होती.

"पडली?" ताईनं विचारलं.

"मघाशी. इस्त्रीची खोली सगळी. टेबलासकट. आवाजसुद्धा फार नाही झाला म्हणतात, पोतं टेकवल्यासारखा."

"आत कुणी?"

"कुणी नाही."

ताईनं मान हलवली. थोडा वेळ तिनं चादरीच्या काठावरून अंगठा फिरवला, काठ सरळ आहे की नाही बघावं तसा.

"मग ते टोक धर," ती म्हणाली. "आणि ताणून धर, ढिलं नको."